दुबईहून आणलेली मासळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही, आई होती तोवर आईला नाही. कारखान्यात ज्याच्याबरोबर रोज डबा खातो त्या मित्रालाही नाही. माझी मुलगी चार महिन्यांची असताना मी तिच्यासाठी दुबईहून तिच्या आईचं दूध घेऊन आलो आणि मुंबईला उतरल्यावर कस्टमवाल्यांनी ते माझ्या हातून काढून घेतलं, अशी एक हकीकत आमच्या घरात बारा-तेरा वर्षं खरी म्हणून चालत आली आहे. ती खोटी आहे. कुणी काही काढून घेतलं नव्हतं. खोक्यात मासळी आहे असं मी सांगितलं, आणि खोका तिथेच ठेवून बाहेर आलो.

आम्ही घाटकोपरला राहतो, पूर्वेला. वडील गिरणीत होते. गिरणी गेल्यावर लालबागची खोली विकून इकडे आले. मी साकीनाक्याला एका गाळ्यात, प्लास्टिकची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहे. विमानं घरीही आमच्या डोक्यावरून उतरतात आणि गाळ्यातही. बोलता बोलता थांबायचं, विमान जाऊ द्यायचं आणि वाक्य पुढे न्यायचं, ही आमच्याकडे सगळ्यांचीच सवय. विमानात मात्र मी तोवर बसलो नव्हतो.

बायको अंधेरीला एका शिपिंग कंपनीत कामाला होती, अजूनही आहे. तेव्हा बाळंतपणाची रजा तीनच महिन्यांची असायची. रजा संपवून ती कामावर गेली आणि आठवड्याभरात तिला सांगण्यात आलं की कंपनीचं सगळं काम नव्या सिस्टीमवर जाणार आहे, त्याचं ट्रेनिंग दुबईच्या ऑफिसात आहे, तीन-चार आठवड्यांचं. जी व्यक्ती शिकून येईल तिच्याकडे मुंबईचं खातं जाईल. तिच्या साहेबांनी तिला आधी विचारलं, कारण काम तिला येत होतं. नाही म्हणालीस तर दुसऱ्याला पाठवू, काही राग नाही, असंही ते म्हणाले.

आईसमोर ती मला अहो म्हणते आणि आम्ही दोघंच असलो की अरे. त्या दिवशी स्वयंपाकघरात आई समोर असतानाच ती म्हणाली, "अरे, काय करू सांग ना."

मी काही बोलायच्या आत आईच तिच्या मालवणीत म्हणाली, "जा गो तू. मी आसय मा हय. चेडवाक मी बघतंय."

अडचण एकच होती. मुलीला डब्याचं दूध सोसत नव्हतं. रजा संपायच्या सुमारास दोनदा देऊन पाहिलं, दोन्ही वेळा अंगावर पुरळ उठलं आणि पोट बिघडलं. डॉक्टर म्हणाले, थोडी मोठी होऊ दे, तोवर आईचंच द्या. तेव्हा बायकोने जाण्याच्या बऱ्याच आधीपासून दूध काढून साठवायला सुरुवात केली. पहाटे, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, रात्री बाळ झोपल्यावर. छोट्या प्लास्टिकच्या पिशव्या मिळतात त्यासाठी. प्रत्येकीवर ती तारीख घालायची आणि पिशवी आडवी करून फ्रीजरमध्ये ठेवायची.

आमचा फ्रीजर म्हणजे आईचं राज्य. त्यात सुरमईच्या तुकड्या, सोललेली कोळंबी, गावाहून कुणी आणलेले बांगडे. तिने एका रविवारी ते सगळं बाहेर काढलं, शेजारी वाटून टाकलं आणि फ्रीजर सोड्याने धुतला. "दुधाच्या वांगडा बांगडे नको, वास लागात," म्हणाली. त्यानंतर आमच्याकडे मासे रोजच्या रोज आणून रोज संपवायला लागले. माझ्या आईने मासे साठवणं सोडलं याचा अर्थ आमच्या लोकांनाच कळेल.

एवढं करूनही हिशेब बसेना. साठा अर्ध्यापुढे थोडा पोचत होता, शेवटपर्यंत नाही. तिकडेही ती दूध काढणारच होती, पण ते इकडे येणार कसं? कुरिअरवाले हो म्हणेनात. दुबईहून येणाऱ्या कुणाच्या हाती द्यावं, तर असली वस्तू सांगायची कुणाला? मीच म्हणालो, मी मध्ये चार दिवस येतो आणि घेऊन जातो. लग्नानंतर मी तिच्यासाठी स्वतःहून काही ठरवल्याची ती बहुतेक पहिलीच वेळ. तिला बरं वाटलेलं मला दिसलं.

इमारतीत ही बातमी आईनेच पसरवली. "लोकां दुबैसून सोन्याची बिस्किटां हाडतत, आणि माझो झिल दूध हाडूक चललो," असं ती जिन्यात भेटेल त्याला सांगायची. तळमजल्यावरचे काका मला रोज विचारायचे, "काय, डेअरी कधी निघतेय?" मी हसून पुढे जायचो. आत कुठेतरी मला ते झोंबत होतं. माणसं चांगल्या मनाने थट्टा करत होती, पण मला वाटायचं, विषय कुणी काढूच नये.

आमच्या घरात ह्या गोष्टीला शब्दच नव्हता. आई 'अंगावर पाजणं' म्हणायची, तेही आवाज उतरवून. बायको मुलीला घेऊन बसली की मी उठून गॅलरीत जायचो. कुणी जा म्हटलेलं नव्हतं. वडील तसेच जायचे, मी तसाच जायचो. बायकोने एकदा विचारलंही, "अरे, तुझीच मुलगी आहे ना? मग पळतोस कुठे?" मी म्हणालो, "वारा येत नाही इथे."

ती गेली. नंतर माझी निघायची वेळ आली, तेव्हा तिचा फोन आला की येताना बाळाचं एक झबलं घेऊन ये, न धुतलेलं. मशीन लावून बसलं तरी दूध लवकर येत नाही, बाळाचा वास असला की येतं. आईला हे मी सांगितलं. मग मुलीच्या अंगातलं काढून तिनेच ते पिशवीत घातलं, वर दुसरी पिशवी बांधली.

दूध कशातून आणायचं यावर आमचं फोनवर थोडं वाजलं होतं. तिच्या मैत्रिणीने तिला एक गारवा धरणारी बॅग दिली होती, चेनची, खांद्याला अडकवायची. मी ती बॅग पाहिली होती. माझा तिच्यावर विश्वास बसेना. मी म्हणालो, आपल्याकडे मालवणहून सुरमई येते ती काय असल्या पर्समधून येते? थर्माकोलचा खोका, खाली बर्फ, मध्ये माल, वर बर्फ, चहूबाजूंनी वर्तमानपत्र आणि तोंडाला पट्टी. चौदा तास बसमध्ये राहिला तरी बर्फ तसाच. ह्यातलं मला कळतं. घरी तसा एक खोका होता, मावसभावाने मासळी आणलेला. मी तो सोड्याने धुतला, लिंबू चोळलं, गॅलरीत उन्हात वाळवला. त्यात माझे दोन कपडे घालून दुबईला घेऊन गेलो. बायको खोका हुंगून म्हणाली, "ठीक आहे. वास नाही." पण तिने तोंड थोडं वाकडं केलंच.

दुबईचं मी फार काही पाहिलं नाही. कंपनीने तिला दिलेली खोली लहान होती, बाजूच्या खोलीतल्या दोघींबरोबर फ्रीज सामाईक. फ्रीजरचा एक खण तिने मागून घेतला होता आणि तो गच्च भरला होता. ऑफिसात तिला वेगळी जागा नव्हती. कागदाची खोकी ठेवायच्या खोलीत आतून कडी लावून ती खोक्यांवर बसायची. एकदा कुणीतरी दार ठोठावत राहिलं तेव्हा हात हलून सगळं सांडलं आणि ती तिथेच बसून रडली, हे तिने मला हसत सांगितलं. पहिल्या संध्याकाळी मी झबलं दिलं. तिने ते नाकाला लावलं, मशीन जोडलं. मी सवयीने उठलो. जायला गॅलरी नव्हती. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो आणि मागे ते मशीन घरघरत राहिलं.

निघताना तिने मला वाक्य शिकवलं. कुणीही विचारलं, इकडे किंवा तिकडे, तर सरळ सांगायचं : हे माझ्या बाळासाठी ब्रेस्ट मिल्क आहे. बाळ मुंबईत आहे. तिने ऑफिसात चौकशी केली होती, हे नेता येतं. "म्हणून दाखव," ती म्हणाली.

"कळलं मला."

"म्हणून दाखव ना रे. इथे कोण आहे ऐकायला?"

मी इंग्रजीत म्हटलं, पण तो मधला शब्द असा गिळला की ती हसायला लागली. "अरे, तू लाजतोस काय? औषधाचं नाव घेतोस तसं घे."

खोका मी भरला. खाली बर्फाच्या पिशव्या, मग दुधाच्या, लादीसारख्या गोठलेल्या, एकीवर एक. पुन्हा बर्फ. वर्तमानपत्र कोपऱ्यात दाबलं, झाकण लावून पट्टी तीनदा फिरवली. काम अगदी झकास झालं होतं. ती बाजूला उभी राहून बघत होती. "मानलं बाबा तुला," म्हणाली.

दुबईच्या काउंटरवरच्या मुलीने विचारलं खोक्यात काय आहे. मी म्हणालो, "फ्रोझन फूड." तिने मान हलवली आणि खोका सामानात गेला. एवढं सोपं. विमानात बसल्यावर मला हलकं वाटलं. शब्द उच्चारावा लागला नव्हता आणि काम झालं होतं. खोटंही नव्हतं ते.

मुंबईला उतरलो तेव्हा दुपार होती. पट्ट्यावरून खोका आला, पट्टी शाबूत होती. मी वर हात ठेवून पाहिला, गार होता. बाहेर पडायच्या दाराशी सामान मशीनमधून जातं, तिथे एकाने खोका बाजूला घेतला. माझ्याच वयाचा, पोट थोडं सुटलेला, चेहऱ्याने आनंदी माणूस. आधी हिंदीत बोलला, मग पासपोर्टवरचं आडनाव वाचून मराठीवर आला.

"काय आहे हो ह्यात?"

वाक्य माझ्याकडे होतं. मराठीत तर आणखी सोपं होतं. माझ्या मागे विमानातलीच माणसं गाड्या ढकलत उभी होती, कुणाकडे टीव्ही, कुणाकडे ब्लँकेट. दोन बायका होत्या. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी खोक्याकडे पाहिलं. पांढरा थर्माकोल, चहूकडून पट्टी. अशा खोक्यात काय असतं ते मला जन्मापासून माहीत आहे.

"मासळी," मी म्हणालो.

"मासळी? दुबईहून?"

"हो."

"कुठले तुम्ही?"

"गाव मालवण. राहायला घाटकोपर."

मग त्याने पलीकडच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारली. "अरे, इकडे ये जरा. हे बघ, मालवणचा माणूस दुबईहून मासळी घेऊन आलाय मुंबईला."

तो दुसरा आला. खोक्याकडे बघून म्हणाला, "चला. उद्या आमच्या देवगडचे लोक आंबे घ्यायला तिकडे जातील."

"कसली मासळी?" पहिल्याने विचारलं.

"सुरमई."

"घाटकोपरच्या बाजारात सुरमई संपली काय?"

"तिकडची मोठी असते."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं आलं, मला माहीत नाही. दोघं हसले. मीही हसलो. मागची माणसंही हसायला लागली आणि क्षणभर मला चक्क बरं वाटलं, चारचौघांत थट्टामस्करी करणाऱ्या माणसासारखं. मग तो गंभीर झाला.

"हे बघा, मासे-मटण असं आणता येत नाही. परवाना लागतो. हे इथे ठेवावं लागेल."

मी उभा राहिलो. काहीतरी चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण त्याचा आवाज बदलला. "थांबा, उघडून बघू. थोडीशी असेल, सुकी असेल तर साहेबांना विचारतो. आपलीच माणसं आहात."

"ओली आहे," मी म्हणालो.

"तरी बघू या ना."

त्याने खिशातून ब्लेड काढलं. पट्टीवर टेकवलंसुद्धा. मला आत काय आहे ते डोळ्यांपुढे दिसत होतं : वर्तमानपत्र, बर्फ, आणि खाली तिच्या अक्षरातल्या तारखा. तो एक पिशवी उचलेल, उजेडात धरेल. हे काय आहे, विचारेल. आणि मग मला ते सांगावं लागेल, शिवाय हेही सांगावं लागेल की आत्ता तुमच्याबरोबर हसत होतो ते सगळं खोटं होतं.

"नका उघडू," मी म्हणालो. "घ्या तुम्ही."

"नक्की?"

"नक्की."

"अहो, बघायला काय हरकत आहे?"

"नियम आहे ना. राहू दे."

त्याने ब्लेड मिटलं. कुठल्याशा कागदावर माझी सही घेतली. जाताना म्हणाला, "घरी काय सांगाल? वहिनी शिव्या घालतील आम्हाला."

मी दाराबाहेर आलो, रिक्षाच्या रांगेत उभा राहिलो. रांग मोठी होती. मला परत जाता आलं असतं. खोका अजून टेबलाच्या बाजूला असणार, बर्फ शाबूत असणार. आत जाऊन म्हणायचं होतं, साहेब, चुकलो, ते दूध आहे, माझ्या मुलीचं आहे. तो माणूस ओरडला नसता. कदाचित पुन्हा हसला असता, आणि मग त्याने खोका दिला असता. हे मला तेव्हाही कळत होतं. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की लाजेपायी झालं, संस्कारच तसे होते, शब्द तोंडातून निघेना. ते अर्धंच खरं. लाज पहिल्या शब्दापुरती होती. त्यानंतरचं सगळं, ब्लेड थांबवणं, सही, रिक्षाची रांग, हे मी दोन अनोळखी माणसांपुढे खोटा ठरू नये म्हणून केलं. माझी रिक्षा आली आणि मी बसलो.

घरी आईने दार उघडलं. माझे हात रिकामे बघून ती जिन्यात डोकावली, रिक्षातून वर आणायचं राहिलं असेल म्हणून.

"कस्टमवाल्यांनी घेतलं," मी म्हणालो.

"काय घेतल्यानी?"

"दूध. परवाना लागतो म्हणाले."

आई दारातच खाली बसली. "मेल्यांका पोरांबाळां नाय?" एवढंच म्हणाली. मुलगी आत रडत होती.

मग फोन. बायको बहुधा त्या खोक्यांच्या खोलीतच होती, कारण आवाज घुमत होता. मी सांगितलं.

"सगळं?"

"सगळं."

"तू सांगितलंस ना त्यांना काय आहे ते?"

"सांगितलं."

"नीट सांगितलंस? बाळ घरी आहे म्हणून?"

"सगळं सांगितलं गं. ऐकतच नव्हते."

ह्यातला प्रत्येक शब्द मी अगदी सहज बोललो. जो शब्द मला विमानतळावर सापडला नव्हता तो आता सापडायची गरज नव्हती.

घरातला साठा पुढे थोडेच दिवस पुरला. आईने तो ताणायचा प्रयत्न केला. तांदळाच्या पेजेची निवळ करून चमच्याने भरवायची, मग थोडं दूध, मग पुन्हा निवळ. शेवटी डॉक्टरांना विचारून दुसऱ्या प्रकारचं डब्याचं दूध दिलं. पोट पुन्हा बिघडलं. मुलगी रडायचीही बंद झाली त्या दिवशी आम्ही तिला दवाखान्यात नेलं, सलाईन लावावं लागलं. दुसऱ्या दिवशी ती सावरली. पण त्या संध्याकाळी आईने मला न विचारता सुनेला फोन केला, आणि बायको ट्रेनिंग अर्धवट टाकून परत आली. विमानतळावर मी घ्यायला गेलो होतो. ती माझ्याशी एक शब्द न बोलता रिक्षात बसली, आणि घरी येऊन मुलीला जवळ घेतलं तेव्हा मी गॅलरीत गेलो.

मुलीचं पुढे सगळं नीट झालं. आज ती सातवीत आहे, जेवायच्या बाबतीत हट्टी आहे, बाकी धडधाकट. त्या दवाखान्यातल्या रात्री आपण तिथे नव्हतो, एवढं मात्र तिची आई विसरलेली नाही. ऑफिसचं खातं दुसऱ्या कुणाकडे गेलं. साहेब शब्दाला जागले, राग धरला नाही. पण पुन्हा कधी तिला विचारलंही नाही. पुढे एक-दोनदा सिंगापूरला, कोलंबोला जायच्या गोष्टी निघाल्या, तेव्हा तिनेच नको म्हटलं. मुलगी मोठी झाल्यावरही नको म्हटलं. मी आग्रह केला तर म्हणायची, "जाऊ दे रे. एकदा गेले होते ना." माझ्यावर तिने कधी बोट ठेवलं नाही. उलट, तूही किती धडपड केलीस, असंच म्हणायची. राग होता तो त्या कस्टमवाल्यावर. विमानतळावर कुणाला सोडायला गेलो की खाकी-पांढऱ्या कपड्यातला कुणीही दिसला तरी तिचा चेहरा कडक व्हायचा. त्या आनंदी चेहऱ्याच्या माणसाला आमच्या घरात इतकी वर्षं शिव्या पडल्या. त्याने माझ्यासाठी साहेबांना विचारायची तयारी दाखवली होती, हे एकट्या मलाच माहीत होतं.

आणि तिच्या ऑफिसात कुणी नवी आई झाली, कामासाठी बाहेर जायची वेळ आली, की ती तिला बाजूला घेऊन सांगायची, दूध आणायच्या भानगडीत पडू नकोस, काढून घेतात. मला हे अधूनमधून कानावर यायचं. मी ऐकून सोडून द्यायचो. कुणी ऐकलं असेल, कुणी गेली नसेल. किती जणी, मला ठाऊक नाही.

ह्या वर्षी ते माझ्या घरापर्यंत आलं. माझी भाची बोरिवलीला असते, बहिणीची मुलगी. तिचं बाळ पाच महिन्यांचं. तिला कामासाठी दहा-बारा दिवस सिंगापूरला जायचं होतं आणि येताना साठवलेलं दूध आणायचं होतं. एका रविवारी जेवायला आली होती. ताटं वाढलेली, बाळ माझ्या मुलीच्या मांडीवर. तिने मामीला विचारलं, मामी, तू हे केलंयस ना, कसं करायचं सांग.

"नादाला लागू नकोस," बायको म्हणाली. "मी तिकडे रडत रडत काढलं आणि मामाच्या हातून त्यांनी काढून घेतलं. हा सांगत होता तरी. विचार त्याला."

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी तुकडीतला काटा काढत होतो. मी मान हलवली. मान वर-खाली हलली की आडवी, ते मला सांगता येणार नाही.

"मग नाहीच म्हणून सांगते ऑफिसला," भाची म्हणाली. "किंवा आत्तापासून वरचं सुरू करावं लागेल. आई पण तेच म्हणतेय."

बायको म्हणाली, "माझं ऐकशील तर नाही म्हण. एक ट्रिप गेली तर काही होत नाही." हे ती अगदी शांतपणे म्हणाली, आमटी वाढता वाढता.

त्या दिवशी मी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी गाळ्यातून भाचीला फोन केला. मशीनच्या आवाजात ऐकू जाईना म्हणून मागच्या गल्लीत गेलो.

"तू जा," मी म्हणालो. "विमान कंपनीला आधी विचार, ऑफिसला विचार. येताना जो विचारेल त्याला सरळ सांग काय आहे ते. आढेवेढे घेऊ नकोस. नाव घेऊन सांग."

"पण मामा, तुझं घेतलंच ना?"

वरून विमान जात होतं. मी ते जाऊ दिलं.

"मी नीट सांगितलं नव्हतं तेव्हा."

"म्हणजे?"

"म्हणजे, तो शब्द बोललो नाही मी."

ती हसली. "मामा, तू लाजलास? कमाल आहे यार तुझी. मामीला माहितेय?"

"नाही. तू बोलू नकोस."

मासळीचं मी तिलाही सांगितलं नाही. अर्धं सांगितलं, तेवढ्यानेच ती माझ्यावर हसली, आणि तिचं ते हसणं प्रेमाचं होतं. पुढचं ऐकून ती हसली नसती.

ती गेली. आली. परतल्यावरच्या रविवारी पुन्हा आमच्याकडे आली, बाळासकट. सांगत होती, खांद्याच्या बॅगेत ठेवलं होतं सगळं, तिकडे सिक्युरिटीवालीने विचारलं तेव्हा सांगितलं, तिने एक पिशवी पाहून परत ठेवली. इकडे बाहेर पडताना एकाने विचारलं, मॅडम, बॅगेत काय? "म्हटलं, अंगावरचं दूध आहे, माझ्या बाळाचं. तो म्हणाला, जा जा, लवकर जा, बर्फ वितळेल."

बायकोच्या हातात डाव होता. ती थांबली. मी तिच्याकडे पाहत होतो. माझ्या मनात आलं, आता ती विचारणार. तिने भाचीच्या बाळाच्या गालाला हात लावला.

"बरं झालं," ती म्हणाली. "मग नियम बदलले असतील आता." आणि माझ्याकडे वळून, "हो ना रे?"

भाचीही माझ्याकडे पाहत होती.

"हो," मी म्हणालो. "बदलले असतील."

म्हणजे त्या दुपारनंतर इतक्या वर्षांनी मला पुन्हा तसाच प्रसंग आला, माझ्याच घरात, माझ्याच माणसांत, आणि मी पुन्हा तेच केलं. त्या रात्रीपासून हे लिहायला घेतलं आहे. लिहिताना शब्द येतात. बायको शेजारच्या खोलीत मुलीचा अभ्यास घेत असते, मधून विचारते, "एवढं काय लिहितोयस?" मी म्हणतो, कारखान्याचं आहे.

तिला मी एवढं सांगण्याचं देणं लागतो की दूध कुणी काढून घेतलं नव्हतं, मी ते मासळी म्हणून सोडून आलो. तिने जाणं सोडलं ते माझ्या खोट्यावर विसंबून. आणि ज्या माणसाला ती शिव्या घालते त्याचा काही दोष नव्हता. हे मी अजून तिला सांगितलेलं नाही.